जास्वंद अधिक मोदक गुणिले समई : सतरा, पंचवीस की तेरा?

आधी तुमचं भांडण थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं वाचताना सगळ्यांना संदर्भ लागेल. गणपतीत तुमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्रकोडं आलं. पहिल्या ओळीत तीन समया, मध्ये अधिकची चिन्हं, बेरीज १५. दुसऱ्या ओळीत एक समई आणि मोदकांची दोन ताटं, बेरीज ११. तिसऱ्या ओळीत मोदकांचं एक ताट आणि जास्वंदीच्या दोन डहाळ्या, बेरीज ७. आणि शेवटी : जास्वंद + मोदकांचं ताट × समई = किती?

तुम्ही १७ म्हणालात. किराणा दुकान चालवणारे तुमचे काका २५ म्हणाले आणि पुरावा म्हणून गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरचा फोटोच टाकला. सातवीतली पुतणी म्हणाली, "१३, तुम्ही कुणी चित्र नीट बघितलंच नाही." एवढं कमी होतं म्हणून आतेभावाने ६ ÷ २(१ + २) असं टाकून दिलं, आणि त्यावर निम्मे ९ वर, निम्मे १ वर. आरती वेळेवर झाली की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मी पस्तीस वर्षं चाळीसगाव परिसरात माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर अशी कोडी नातेवाइकांकडून माझ्याकडे येतात, निवाड्याला. माझा अनुभव असा, की एका कोड्यावर लोक भांडतात तेव्हा ते एका गोष्टीवर भांडत नसतात. तुमचं आणि काकांचं भांडण वेगळं, तुमचं आणि पुतणीचं वेगळं, आणि आतेभावाने काढलेलं तर अगदीच निराळं. पहिल्याचा निकाल लागतो. दुसरं गणिताचं नाहीच. तिसऱ्याचा निकाल कुणी छातीठोकपणे सांगितला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो नऊवाला असो की एकवाला.

काकांपासून सुरुवात करू. समई ५, ताट ३, जास्वंदीची डहाळी २. इथपर्यंत तुमचं दोघांचं एकमत आहे. आता २ + ३ × ५. याचं उत्तर १७. यात "माझ्या मते" असं काही नाही. गुणाकार बेरजेच्या आधी करायचा, हा संकेत जगभरच्या शाळांत, विद्यापीठांत, छापील गणितात एकच आहे.

पण संकेत आहे म्हणून गप्प बसा, असं मी वर्गात कधी म्हटलं नाही, काकांनाही म्हणणार नाही. त्यांना त्यांच्याच दुकानात नेते. गिऱ्हाइकाने दोन रुपयांची काड्यापेटी घेतली आणि पाच रुपयांचे तीन बिस्किटपुडे घेतले. बिल किती? काका डोळे मिटून सतरा म्हणतील. पंचवीस मागितले तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. पंचवीस येण्यासाठी काय करावं लागतं बघा : आधी २ आणि ३ ची बेरीज. म्हणजे दोन रुपये आणि तीन पुडे यांची बेरीज. पाच काय आले? ना रुपये, ना पुडे.

आपल्या रोजच्या हिशेबांचा साचाच असा असतो : दर गुणिले नग, अधिक दर गुणिले नग, अधिक दर गुणिले नग. किराण्याचं बिल, मजुरांची हजेरी, शाळेच्या सहलीचा खर्च, सगळं याच साच्यातलं. आपण संख्या लिहितो तीही याच साच्यात. ३४५ म्हणजे ३ × १०० + ४ × १० + ५. गुणाकार आधी, हे गृहीत धरलं की या सगळ्यात एकही कंस लागत नाही. उलट संकेत ठेवला असता तर गणित चुकलं नसतं, फक्त प्रत्येक बिलात कंसांची पलटण उभी करावी लागली असती. म्हणून हा निसर्गनियम नव्हे, सोय आहे. पण सगळ्यांनी मान्य केलेली सोय आहे, डावीकडून गाडी चालवण्यासारखी. रस्त्यावर येऊन "मी उजवीकडूनच चालवणार, तर्काने दोन्ही सारखंच" असं म्हणता येत नाही.

ही सोय कुणी, कधी ठरवली, असं मुलं विचारतात. कुणा एका माणसाने एका दिवशी नाही. अधिक-उण्याची चिन्हं छापील पुस्तकात आली १४८९ मध्ये, योहानेस विडमन या जर्मन माणसाच्या हिशेबाच्या पुस्तकात. गुणाकाराची फुली इंग्लंडच्या विल्यम ऑट्रेडने १६३१ मध्ये वापरली. भागाकाराचं ते दोन टिंबं आणि मध्ये रेघ असलेलं चिन्ह १६५९ मध्ये, योहान रान या स्विस माणसाच्या बीजगणितात. चिन्हंच अशी दीडशे-पावणेदोनशे वर्षांत एकेक करून आली, तर त्यांचा क्रम काही सभेत ठराव करून होणार नाही. बीजगणित लिहिणाऱ्यांच्या हाताला सवय लागली आणि सवयीचा पुढे पाठ्यपुस्तकात नियम झाला. हे मुद्दाम सांगते, कारण तिसऱ्या भांडणाचं मूळ इथेच आहे : काही सवयी पक्क्या झाल्या, एक मात्र अर्धवट राहिली.

मग कॅल्क्युलेटर खोटं बोलला का? नाही. गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर तुमची ओळ वाचतच नाही. त्याला फक्त शेवटची संख्या आणि अडकून राहिलेलं एक चिन्ह एवढंच आठवतं. तुम्ही २ + ३ दाबून गुणाकाराची कळ दाबली, की तो त्याच क्षणी ५ करून मोकळा होतो. पुढे काय येणार याची वाट बघायला त्याच्याकडे जागाच नाही. विंडोजच्या संगणकात हे घरबसल्या बघता येईल. त्यातल्या कॅल्क्युलेटरला 'स्टँडर्ड' प्रकारात २ + ३ × ५ विचारा, २५ सांगेल. तोच 'सायंटिफिक' प्रकारात नेला की १७. कंपनी एक, यंत्र एक, उत्तरं दोन, कारण पहिला हिशेबाच्या मशीनची नक्कल करतो आणि दुसरा गणिताची ओळ वाचतो.

आणि गंमत अशी, की काका स्वतः दुकानात कधीच २५ काढत नाहीत. बिल करताना ते ३ × ५ दाबून 'एम प्लस'ची कळ दाबतात, मग पुढची वस्तू, पुन्हा एम प्लस, आणि शेवटी मेमरी बोलावतात. म्हणजे प्रत्येक गुणाकार आधी पुरा करून बाजूला ठेवायचा आणि बेरीज नंतर. गुणाकार आधीचा नियम त्यांची बोटं वर्षानुवर्षं पाळताहेत. त्यांना एवढंच सांगा : एम प्लस वापरून पुन्हा एकदा करा आणि फोटो टाका.

इथे एक पोटभांडण होतं, ते तुमच्याकडे झालेलं दिसत नाही, पण होईल. 'कंचेभागुबेव' आपण सगळ्यांनी घोकलं आहे : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शिष्यवृत्तीच्या वर्गात एकदा मी १० − ३ + २ दिलं होतं. एका मुलीने ५ लिहिलं. मी चूक म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाई, 'बे' आधी आहे, 'व' नंतर. मी आधी तीन आणि दोन मिळवले." तिने नियम अक्षरशः पाळला होता! चूक तिची नव्हती, आमच्या घोकंपट्टीची होती. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर, भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवर, आणि एका पायरीवर असलेल्या क्रिया डावीकडून उजवीकडे. म्हणून १० − ३ + २ म्हणजे ९. अमेरिकेतल्या मुलांचं सूत्र 'पेमडास'. त्यात गुणाकार आधी बोलतात आणि भागाकार नंतर, आपल्या नेमकं उलट. तरी १२ ÷ ३ × २ चं उत्तर तिथेही आणि इथेही ८ च यायला हवं, आणि बरोबर शिकवलं तर येतं. सूत्र हे पाठांतराला बांधलेलं गाठोडं. आत काय बांधलंय ते एकदा सोडून दाखवावं लागतं. त्या मुलीनंतर मी फळ्यावर 'भा' आणि 'गु' एकाच चौकटीत, 'बे' आणि 'व' एकाच चौकटीत लिहायला लागले.

आता तुमची पुतणी. तिचं म्हणणं मी तुम्ही पाठवलेल्या चित्रावरून पडताळलं. वरच्या ओळींतल्या प्रत्येक समईला पाच वाती पेटलेल्या आहेत, शेवटच्या ओळीतल्या समईची एक वात विझलेली आहे. वर डहाळीला दोन फुलं आहेत, खाली एकच. मोदक मात्र तीनच्या तीन. म्हणून तिने १ + ३ × ४ केलं, १३. मुलीची नजर चांगली आहे आणि क्रमही तिने बरोबर लावला. कोडं करणाऱ्याला बहुधा हेच १३ हवं असणार.

पण गणिताची बाई म्हणून मला इथे थांबून एक प्रश्न विचारावाच लागतो. चार वातींची समई ४ कशावरून? आपल्याला दिलेलं एवढंच : पाच वातींची समई म्हणजे ५. यातली वात एकची आणि पितळेची समई शून्याची, हे कुणी सांगितलं? समई स्वतः ५ ची आणि वाती फुकट, असंही असू शकतं. तसं धरलं तर खालची समईही ५ आणि उत्तर १६. समई अडीचची आणि वात अर्ध्याची धरली तरी वरची तिन्ही समीकरणं जशीच्या तशी सुटतात. मग खालची समई साडेचारची होते आणि उत्तर १४.५ येतं. अज्ञात दोन आणि अट एक, असं झालं की उत्तरं हवी तितकी निघतात. हे आठवी-नववीतलं मूल सांगेल. "वाती मोजायच्या" हे कोड्यात लिहिलेलं नाही. ते कोडं करणाऱ्याच्या मनात आहे आणि तुम्ही ते ओळखायचं आहे. ओळखण्यात मजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती मजा उखाण्याची आहे, समीकरणाची नाही. उखाण्यात ऐकणाऱ्याला चकवणं हाच खेळ असतो, आणि चकला म्हणून कुणी त्याला अडाणी म्हणत नाही.

ही चाल जगभर फिरलेली आहे. २०१६ च्या सुरुवातीला सफरचंद, केळी आणि नारळाचं एक कोडं असंच गाजलं होतं. तीन सफरचंदं ३०, सफरचंद आणि केळ्यांचे दोन घड १८, केळ्यांच्या घडातून नारळ वजा केला की २. मग नारळ, सफरचंद आणि केळी मिळून किती? वरवर बघणाऱ्याचं उत्तर १६. पण वरच्या घडांत चार-चार केळी होती, खाली तीन. वर नारळाच्या दोन वाट्या, खाली एकच. मोजणाऱ्याचं उत्तर १४. त्यात गुणाकार नव्हताच, तरी लोक भांडलेच. क्रियांच्या क्रमाशिवायही भांडता येतं, हे त्यातून निदान सिद्ध झालं.

नंतर कोडी करणाऱ्यांनी दोन्ही फसवण्या एकत्र केल्या. एक नमुना असा : बुटांचे तीन जोड ३०, एक जोड आणि दोन माणसं २०, एक माणूस आणि कोनांच्या (म्हणजे शंकूंच्या, भूमितीतला कोन नव्हे) दोन जोड्या १३. म्हणजे जोड १०, माणूस ५, कोनांची जोडी ४. शेवटच्या ओळीत एक बूट, अधिक माणूस, गुणिले एक कोन. आणि त्या माणसाने पायात बूट घातलेले असतात, हातात कोनांची जोडी धरलेली असते! अपेक्षित उत्तर ४३. कसं? एक बूट ५. माणूस ५, बूट १०, कोन ४ मिळून १९. एक कोन २. तर ५ + १९ × २.

आता जरा बारकाईने बघा. बूट घातलेला माणूस म्हणजे बूट अधिक माणूस, हे आपण न सांगता धरलं. चित्राला चित्र चिकटलं तर बेरीज. शिवाय त्या बेरजेला अदृश्य कंसही घातला, कारण तसं नसतं तर फक्त हातातल्या कोनांना दोनने गुणलं असतं. पण बीजगणितात शेजारी शेजारी लिहिलं की गुणाकार होतो : ३अ म्हणजे तीन गुणिले अ. अंक शेजारी आले की स्थानिक किंमत : ३५ म्हणजे तीस आणि पाच. पूर्णांकाशेजारी अपूर्णांक आला, दोन पूर्णांक एक द्वितीयांश, की पुन्हा बेरीज. एकाच "शेजारी असणे" या गोष्टीचे गणितात तीन अर्थ आधीपासून आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. चित्रात तशी जागा ठरलेली नाही. म्हणून बूट घातलेल्या माणसाला कुणी ५ × १० × ४ म्हणजे २०० धरलं, तर त्याला चूक म्हणायला माझ्याकडे नियम नाही. शहाणपण आहे, नियम नाही.

"९० टक्के लोकांना हे जमत नाही" असं वर लिहिलेलं असतं. ते टक्के कुणी मोजलेले नसतात, ती फक्त चिथावणी असते. फळांचं एक चित्रकोडं मात्र खरंच जवळजवळ कुणालाच न सुटणारं आहे आणि ते याच वेषात फिरतं. सफरचंद भागिले केळं-अननसाची बेरीज, अधिक केळं भागिले सफरचंद-अननसाची बेरीज, अधिक अननस भागिले सफरचंद-केळ्याची बेरीज, बरोबर ४. तिन्हींच्या किमती धन पूर्णांक हव्यात. दिसायला चौथीतलं. पण सर्वांत लहान उत्तरात एक संख्या ८१ अंकी, एक ८० अंकी आणि एक ७९ अंकी आहे. अँड्र्यू ब्रेमनर आणि अ‍ॅलन मॅक्लाउड या गणितज्ञांनी २०१४ मध्ये या प्रकारच्या समीकरणावर शोधनिबंध लिहिला, आणि ते सोडवायला एलिप्टिक कर्व्हचं, म्हणजे विद्यापीठाच्याही वरच्या पायरीचं गणित लागतं. पुतणीला हे कोडं द्या, पण उत्तर विचारू नका.

अज्ञाताच्या जागी अक्षराऐवजी दुसरंच काही ठेवणं ही काही मोबाइलच्या जमान्याची युक्ती नाही. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्यात आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमारास, पहिलं अज्ञात 'यावत्तावत्' आणि त्यानंतरची अज्ञातं चक्क रंग आहेत : कालक, नीलक, पीतक, लोहित. काळा, निळा, पिवळा, लाल. लिहिताना फक्त पहिलं अक्षर : या, का, नी, पी. ज्ञात संख्येला 'रू'. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आणि दोन वेगळ्या अज्ञातांचा गुणाकार असेल तर तिथे 'भा', म्हणजे भावित, असं स्पष्ट लिहायचं. रंग होते, पण रंगाची छटा फिकी झाली म्हणून किंमत बदलली, असला प्रकार नव्हता. शाळेची सहल पाटणला नेली की मी मुलांना हे दगडी पायरीवर बसवून सांगत असे. निम्म्यांचं लक्ष माकडांकडे असायचं.

आता आतेभाऊ. ६ ÷ २(१ + २). कंसात ३, इथवर सगळे सोबत. पुढे ६ ÷ २(३). डावीकडून गेलो तर ६ ÷ २ म्हणजे ३, गुणिले ३, उत्तर ९. दोन आणि कंस चिकटलेले आहेत, त्यांना सोडवायचं नाही असं मानलं, तर ६ ÷ ६, उत्तर १. प्रश्न एवढाच आहे : न लिहिलेला, चिकटून आलेला गुणाकार हा फुली लिहिलेल्या गुणाकारापेक्षा घट्ट धरायचा का?

शाळेतला नियम सरळ वाचला तर ९. गूगलला विचारलं तर तोही ओळीत स्वतःच कंस घालून ९ सांगतो. पण बीजगणित हाताळणाऱ्या कुणालाही ६ ÷ २अ दाखवा, तो ते ६ भागिले (२अ) असंच वाचेल. ६ ÷ २ करून मग अ ने गुणणारा विरळा. भौतिकशास्त्राची 'फिजिकल रिव्ह्यू' ही प्रतिष्ठित नियतकालिकं तर आपल्या लेखकांना सांगतात, की तिरप्या रेघेच्या भागाकाराआधी गुणाकार धरा. यंत्रांचंही एकमत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८२ हा कॅल्क्युलेटर चिकटलेला गुणाकार आधी करायचा; त्याच कंपनीने टीआय-८३ मध्ये ते बदललं. कॅसिओच्या 'क्लासविझ' मालिकेतल्या कॅल्क्युलेटरमध्ये ही ओळ घातली तर तो न विचारता जादा कंस घालतो, ६ ÷ (२(१ + २)), आणि १ दाखवतो. मला हे आवडतं. निदान मी असं वाचलं, हे तो तोंडावर सांगतो.

२०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) वरून जगभर असाच गदारोळ झाला होता. कॉर्नेल विद्यापीठाचे गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की शालेय संकेताने उत्तर १६. त्यावर इतके वाचक उसळले, की त्यांना त्याच विषयावर पुन्हा लिहावं लागलं. फ्लोरियन काजोरी हे गणितातल्या चिन्हांचे मोठे इतिहासकार. ÷ आणि × एकाच पदात आले तर आधी कोणतं करायचं यावर एकमत नाही, असं त्यांनी १९२८ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. आज फुली स्पष्ट लिहिलेली असेल तर डावीकडून जायचं, हे बऱ्यापैकी स्थिरावलं आहे. चिकटलेल्या गुणाकारावरून उठलेला धुरळा मात्र अजून खाली बसलेला नाही. आणि ÷ हे चिन्ह तर आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या गणिती चिन्हांच्या मानकात, आयएसओ ८०००० च्या दुसऱ्या भागात, भागाकारासाठी वापरू नये असंच म्हटलं आहे. आडवी रेघ ओढून वर ६ आणि खाली २(१ + २) लिहा, किंवा सहा-द्वितीयांश लिहून पुढे कंस लिहा. भांडण जन्मालाच येत नाही.

आपल्याकडे या भांडणाला एक खास मराठी फोडणी आहे, ती म्हणजे 'चे'. तुमच्या घरात १ म्हणणारे बहुतेक वडीलधारे असतील, असा माझा अंदाज. जुन्या गणितांत २४ ÷ १२ चे १/३ अशी उदाहरणं असायची. 'चे' हा गुणाकारच, पण भागाकाराच्या आधी करायचा. बाराचे एक तृतीयांश ४, आणि २४ ÷ ४ म्हणजे ६. तिथे 'चे' काढून फुली घातली तर २४ ÷ १२ × १/३, उत्तर दोन तृतीयांश. सूत्रात 'चे' ला स्वतंत्र घर दिलं ते याचसाठी. आता कंसाला चिकटलेला दोन हा 'दोन चे' आहे, असं कुणी म्हटलं तर ६ ÷ २(३) चं उत्तर १ येतं, आणि त्याने नियम मोडला असं म्हणता येत नाही. नवीन मुलांना 'चे' फारसा भेटत नाही. त्यांना तो सूत्रातलं एक निरर्थक अक्षर वाटतो. म्हणून ती सरळ ९ वर जातात. घरात दोन तट पडले ते बुद्धीचे नाहीत, पाठ्यपुस्तकांचे आहेत.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण हा घोळ मी स्वतः घातलेला आहे. एका घटक चाचणीत मी लिहिलं : अ = २ असेल तर १८ ÷ ३अ ची किंमत काढा. माझ्या मनात ३ होतं. पेपर तपासायला बसले तर जवळजवळ निम्म्या वर्गाने १२ लिहिलेलं. पहिले चार-पाच मी लाल शाईने कापलेसुद्धा. मग एका हुशार मुलाच्या पेपरात पायऱ्या दिसल्या : १८ ÷ ३ = ६, ६ × २ = १२, बाजूला समासात "डावीकडून उजवीकडे, बाईंनी सांगितलेलं". मीच सांगितलेलं! दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर प्रश्न पुन्हा लिहिला, आडव्या रेघेने, माझी चूक सांगितली आणि दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांना ते पटलं नव्हतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, की पुतणीला परीक्षेत असं आलं तर तिने काय लिहावं. अधिक आणि गुणिले एकत्र आले तर काही विचार करायचाच नाही, गुणाकार आधी. भागाकार आणि गुणाकाराची चिन्हं स्पष्ट लिहिलेली असतील तर डावीकडून. आणि ६ ÷ २(१ + २) सारखं काही आलंच, तर शाळेच्या पेपरात डावीकडून जाऊन ९ लिहावं, पण पायऱ्या दाखवाव्यात आणि दोन व कंस यांच्यामध्ये फुली लिहून पुढे जावं, म्हणजे तिने ओळ कशी वाचली ते तपासणाऱ्याला दिसेल. संगणकावर असेल तर आणखी सावध. एक्सेलच्या चौकटीत उणे तीनचा वर्ग, मध्ये कंस न घालता, =-3^2 असा विचारला तर ९ येतो. वहीत तीच ओळ, −३², ही −९ असते. कंसाला पैसे पडत नाहीत.

घरच्या ग्रुपसाठी मी तुमचं कोडं पुन्हा मांडून दिलं आहे. समया सगळ्या पाच वातींच्या, डहाळ्या सगळ्या दोन फुलांच्या, आणि शेवटची ओळ : जास्वंद + (ताट × समई). उत्तर १७. पुतणी म्हणेल, आता यात काय मजा. तिला म्हणावं, तू कर एक नवीन, फक्त वाती मोजायच्या असतील तर चित्राखाली तसं लिही. आणि काकांचा एम प्लसवाला फोटो आला की मलाही पाठवा.